लष्करी अळीचा हिवाळी मुक्काम

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मध्यभागी जानेवारीत जमीन गोठलेली असते. त्या मातीत लष्करी अळीचा एकही कोष जिवंत राहत नाही. वसंत ऋतू सरतो, मक्याची पेरणी होते, रोपं गुडघ्याएवढी वाढतात, तरी शेतातले कामगंध सापळे जवळपास रिकामेच राहतात. मग उन्हाळा उतरणीला लागतो आणि सापळ्यांत करडे-तपकिरी पतंग पडायला लागतात. पाठोपाठ गोड मक्याच्या पोंग्यांत अळ्या दिसतात, पानांना भोकं पडतात, पोंगा विष्ठेच्या भुशानं भरून जातो. या पतंगांचं मूळ इथलं नाही एवढं नक्की. मग ते आले कुठून?

नकाशा पाहणारा कोणीही फ्लोरिडाकडे बोट दाखवेल. दक्षिण फ्लोरिडात हिवाळ्यातही मका उभा असतो आणि तिथून पेनसिल्व्हेनिया सुमारे १७०० किलोमीटरवर आहे. बारमाही मका पिकणारा दुसरा प्रदेश म्हणजे टेक्सासचं दक्षिण टोक. ते २४०० किलोमीटर दूर, आणि मध्ये अ‍ॅपलेशियन डोंगररांगा. तरीही २००९ साली अमेरिकी कृषी खात्याचे रॉड नागोशी आणि रॉबर्ट मीगर यांनी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या शेल्बी फ्लायशर यांच्यासह उत्तर प्रसिद्ध केलं, ते टेक्सासचं होतं.

हे उत्तर कसं मिळालं, त्यासाठी कोणत्या युक्त्या आधी वापरून पाहिल्या गेल्या आणि त्या कुठे अपुऱ्या पडल्या, हा पुढच्या पानांचा विषय आहे. २०१८ पासून हीच अळी महाराष्ट्राच्या मक्यात आहे, त्यामुळे फ्लोरिडा आणि टेक्सासची ही हकिकत इथल्या शेतकऱ्याच्याही कामाची आहे.

आधी त्या जीवाविषयी. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. आपल्याकडे तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. तिच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटं काढल्यासारखी पांढुरकी खूण असते आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. मादी एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी घालते आणि वर केसाळ आवरण पसरते. तिच्या थोडक्या आयुष्यातली एकूण अंडी साधारण १५००, कधी २००० पर्यंत भरतात. ऐन उन्हाळ्यात अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास ३० दिवसांत उरकतो, थंडीत त्याला ८०-९० दिवस लागतात. आणि थंडी कडक झाली की तो प्रवास संपतोच.

या विषयाची किल्ली इथेच आहे. पुष्कळ किडी हिवाळ्यासारखा वाईट काळ सुप्तावस्थेत काढतात. विदर्भातल्या कापूसवाल्यांना परिचित असलेली गुलाबी बोंडअळी सरकीत दडून महिनोन्महिने निपचित पडून राहू शकते. लष्करी अळीला ही सोय नाही. तिला थांबता येत नाही, सतत खात आणि पिढ्या वाढवत राहावं लागतं, म्हणून जिथे बारा महिने हिरवं आणि उबदार असतं तिथेच ती वर्षभर टिकते. अमेरिकेत असे प्रदेश दोनच आहेत, दक्षिण फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्सास. टेक्सासला लागून मेक्सिको आहेच. दर वसंतात इथून निघालेले पतंग पिढी-दर-पिढी उत्तरेकडे सरकत जातात. एका पिढीत सुमारे ५०० किलोमीटरची मजल होते असा जुन्या अभ्यासकांचा अंदाज आहे. उन्हाळ्याच्या अखेरीला ते कॅनडाच्या ऑन्टारियो आणि क्वेबेकपर्यंत पोचतात. पहिलं कडक दहिवर पडलं की उत्तरेत मागे राहिलेली सगळी प्रजा मरते. पुढच्या वर्षी सगळं नव्यानं सुरू होतं.

म्हणजे उत्तरेतल्या लाखो हेक्टर पिकाचं भवितव्य दक्षिणेतल्या दोन छोट्या पट्ट्यांत ठरत असतं.

अळीची शास्त्रीय नोंद जुनी आहे. जॉर्जियात राहून कीटकांची चित्रं काढणारे जॉन अ‍ॅबट आणि लंडनचे निसर्गशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्या १७९७ सालच्या सचित्र ग्रंथात ती पहिल्यांदा आली. पुढे १८९९ आणि १९१२ साली तिचे मोठे उद्रेक झाले. १९१२ चा उद्रेक तर रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचा बहुतेक देश व्यापून गेला. फिलिप लुगिनबिल या कीटकशास्त्रज्ञानं १९२८ साली अमेरिकी कृषी खात्यासाठी तिच्यावर जी विस्तृत पुस्तिका लिहिली, ती आजही वाचण्यासारखी आहे. हिवाळ्यात ही कीड कुठे तग धरते याची रूपरेषा तेव्हाच स्पष्ट झाली होती. पण मे महिन्यात मिसिसिपीत, जुलैत मिझुरीत, सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियात दिसणारे पतंग त्या दोन पट्ट्यांपैकी कोणत्या पट्ट्यातून निघाले, हे सांगता येण्यासाठी आणखी ८० वर्षं जावी लागली.

एवढा उशीर का लागला? पक्ष्याच्या पायात कडी अडकवता येते. अर्ध्या बोटाएवढ्या पतंगाला रंग लावून सोडलं तर हजार किलोमीटरवर नेमका तोच पतंग सापळ्यात पडण्याची शक्यता नगण्य असते. शिवाय जिथे तो निघाला तिथून शेवटच्या मुक्कामाला तो स्वतः पोचतच नाही, त्याची नातवंडं-पतवंडं पोचतात. खूण बापाच्या पंखावर असेल तर ती पोराकडे कशी जाणार?

म्हणून अभ्यासकांनी निसर्गानंच लावलेल्या खुणा शोधल्या. पतंग मध प्यायला फुलावर बसतो तेव्हा त्याच्या सोंडेला आणि डोळ्यांभोवती परागकण चिकटतात. १९८० च्या दशकात वायव्य अर्कान्सात पकडलेल्या मक्याच्या कणीसअळीच्या पतंगांवर विलायती चिंचेच्या गोतातल्या झाडांचे परागकण सापडले. ती झाडं अर्कान्सात नाहीत, दक्षिण टेक्सास आणि मेक्सिकोत आहेत. एका परागकणानं शेकडो किलोमीटरचा प्रवास सिद्ध केला. पण ही खूणही एकाच पिढीपुरती टिकते, आणि पतंग नेमक्या त्याच फुलांवर बसलेला असावा लागतो.

दुसरा मार्ग वाऱ्याचा. हे पतंग संध्याकाळी उडतात, काहीशे मीटर उंची गाठतात आणि तिथल्या वेगवान वाऱ्यावर स्वार होतात. टेक्सासच्या मैदानांवर वसंतात आणि उन्हाळ्यात रात्री दक्षिणेकडून उत्तरेकडे एक जोरदार, कमी उंचीवरचा प्रवाह वाहतो. जमिनीवर झुळूक नसली तरी वर तो सुसाटत असतो. टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशनच्या जॉन वेस्टब्रुक यांच्यासारख्यांनी या प्रवाहात उडणाऱ्या पतंगांचे थवे रडारवर टिपले. त्याआधी १९७५ साली कॅनडातल्या संशोधकांनी हवामानाच्या नकाशांवरून दाखवून दिलं होतं, की लष्करी अळीचे पतंग मिसिसिपीपासून कॅनडापर्यंतचं १६०० किलोमीटरचं अंतर ३० तासांत कापून आले असावेत. आकडा थक्क करणारा आहे. मात्र वाऱ्याचा नकाशा पतंग कुठून येऊ शकतो एवढंच सांगतो. तो प्रत्यक्षात तिथूनच आला, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

उत्तर अखेर पतंगाच्या पेशीत सापडलं, आणि त्याची सुरुवात एका वेगळ्याच प्रश्नातून झाली. १९८० च्या दशकात लुइझियाना स्टेट विद्यापीठात डोरोथी पॅशली यांच्या लक्षात आलं, की दिसायला अगदी एकसारख्या लष्करी अळ्यांचे दोन वंश आहेत. एक मुख्यतः मका, ज्वारी, कापूस यांवर वाढतो, दुसरा भातावर आणि हरळीसारख्या गवतांवर. डोळ्यांनी फरक कळत नाही, जनुकांवरूनच कळतो. मग या दोन वंशांना ओळखण्यासाठी जनुकीय खुणा तपासणं सुरू झालं. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलच्या कृषी खात्याच्या केंद्रात नागोशी आणि मीगर हेच काम करत होते. त्यांना मक्यावरच्या वंशातही आणखी एक भेद दिसला.

हा भेद मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकात आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून जसाच्या तसा उतरतो, बापाचा त्यात वाटा नसतो. त्यामुळे कामगंध सापळ्यात फक्त नर पडत असले तरी प्रत्येक नर आपल्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या वंशाची खूण घेऊनच आलेला असतो. आधीच्या पद्धतींना पिढ्यांची जी भिंत आडवी येत होती, ती इथे आडवी येत नाही. त्या जनुकातल्या दोन ठरावीक जागांवर कोणतं अक्षर आहे यावरून मक्याच्या वंशाचे चार प्रकार पडतात. त्यांना क्रमांकानं एक ते चार अशी नावं आहेत. यांतले कामाचे दोन, दुसरा आणि चौथा.

दोन्ही प्रकार टेक्सासमध्येही सापडतात आणि फ्लोरिडातही. फरक प्रमाणात आहे. टेक्सासच्या पतंगांत चौथ्या प्रकाराची संख्या दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. फ्लोरिडात उलट, चौथा प्रकार दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त. वर्षामागून वर्षं नमुने तपासले तरी ही प्रमाणं आपापल्या जागी टिकून राहिली. एस.टी.तल्या एका प्रवाशाच्या आडनावावरून तो कुठल्या तालुक्यातला हे सांगता येत नाही, पण गाडीभर प्रवाशांच्या आडनावांचं प्रमाण पाहिलं तर गाडी कुठून सुटली याचा अंदाज बांधता येतो. नागोशी यांनी नेमकं हेच केलं. एकेका पतंगाचा मूळ पत्ता त्यांनी विचारलाच नाही. गावोगावच्या सापळ्यांतून आलेल्या पतंगांच्या ढिगाची सरासरी त्यांनी विचारली.

रडार, उपग्रह आणि संगणकावरच्या वाऱ्यांच्या प्रतिकृती यांच्या शेजारी ही युक्ती साधी वाटते. सापळा लावायचा, पतंग गोळा करून गोठवायचे, डीएनए काढायचा, दोन अक्षरं वाचायची आणि मोजदाद करायची. पण तिच्या मागे अनेक राज्यांतल्या लोकांनी अनेक हंगाम सांभाळलेले सापळे आहेत. कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, कोणत्या पिकाजवळ पतंग पडला याची नोंद चुकली असती, तर प्रयोगशाळेतल्या कोणत्याही यंत्रानं ती दुरुस्त केली नसती. या कामाचं खरं श्रेय त्या नोंदवह्यांना जातं.

२००८ साली पहिला नकाशा उभा राहिला. लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा इथे प्रमाण टेक्सासचं निघालं. फ्लोरिडाचं प्रमाण जॉर्जियात दिसलं, आणि सीमेवरच्या भागात सरमिसळ. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाचं उत्तर आलं. मेक्सिकोचे नमुने टेक्सासशी जुळले. पोर्टो रिकोचे फ्लोरिडाशी. देशाच्या मोठ्या भागाला पतंग पुरवणारा प्रदेश टेक्सासच आहे, हे स्पष्ट झालं. कारण पाहिलं तर तेही पटण्यासारखं आहे. टेक्सासवरून उत्तरेकडे जाणारा रात्रीचा वारा आहे आणि त्याच्या वाटेवर मक्याचा अखंड पट्टा आहे. दक्षिणेत मका पिकून सुकायला लागतो तेव्हा थोडं उत्तरेला तो नुकताच पोंग्यात आलेला असतो, त्याच्याही उत्तरेला नुकतीच उगवण झालेली असते. पतंगाच्या प्रत्येक पिढीला पुढच्या मुक्कामावर कोवळं पीक तयार मिळतं. फ्लोरिडाच्या उत्तरेला अशी सलग साखळी नाही.

पतंगाचा मुक्काम कळल्यानं शेतकऱ्याला काय मिळतं? पोर्टो रिकोत घडलेलं उदाहरण पुरेसं आहे. तिथे क्राय-१एफ हे विषारी प्रथिन असलेला बीटी मका लावला जात होता. २००६ च्या सुमारास लष्करी अळी त्याला दाद देईनाशी झाली. तो मका तिथून मागे घ्यावा लागला. लगेच प्रश्न उभा राहिला, की हे प्रतिकारक पतंग मुख्य भूमीवर आले तर प्रथम कुठे उतरतील? जनुकीय प्रमाण पोर्टो रिको आणि फ्लोरिडाचं एकसारखं होतं, म्हणून नजर फ्लोरिडावर ठेवायची होती. २०११ साली दक्षिण फ्लोरिडात गोळा केलेल्या अळ्यांत खरोखरच ती प्रतिकारशक्ती आढळली. बीटी वाणांचं आयुष्य किती, हे ठरवताना पतंगाची वाट माहीत असणं किती मोलाचं आहे, हे यातून दिसतं. हिवाळी पट्ट्यातल्या पिकांवर ज्या औषधांचा मारा होतो, त्यांचा परिणामही उन्हाळ्यात उत्तरेत जाणाऱ्या प्रजेवर होत असतो. २०२१ च्या उन्हाळ्याअखेरीस ओहायो, केंटकी आणि आसपासच्या राज्यांत चाऱ्याची कुरणं आणि घरांपुढच्या हिरवळी या अळीनं रातोरात फस्त केल्या. उत्तरेत ती पोचायला नेहमी उशीर होतो, म्हणून तिथले शेतकरी बेसावध राहतात.

आता अटलांटिकच्या या बाजूला. २०१६ च्या जानेवारीत ही अळी प्रथम पश्चिम आफ्रिकेत नोंदली गेली. दोन वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडचे बहुतेक सगळे देश तिनं व्यापले. २०१८ च्या मे महिन्यात ती कर्नाटकातल्या शिवमोग्ग्याच्या मक्यात सापडली. ते वर्ष सरण्याआधी सोलापूर-सांगलीकडे मक्यावर आणि उसावरही तिची नोंद झाली. २०१९ च्या खरिपात मराठवाडा, खानदेश आणि नाशिक पट्ट्यातल्या मका उत्पादकांना तिची पुरती ओळख पटली. त्याच सुमारास म्यानमारवरून नैर्ऋत्य वाऱ्याबरोबर ती चीनच्या युन्नानमध्ये शिरली, २०२० च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर उतरली.

टेक्सास-फ्लोरिडाचा भेद शोधणारी युक्ती तेव्हा पुन्हा हाताशी आली. टोगोतल्या मक्याच्या वंशाच्या पतंगांत चौथा प्रकार सापडला, दुसरा सापडला नाही. बोट पूर्व अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडे वळलं. भारत आणि दक्षिण आफ्रिकेचे नमुने २०१९ साली एकमेकांशी इतके जुळले, की त्यांचा उगम अलीकडचा आणि एकच असावा असं नागोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. पुढे संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासांनी या चित्रावर प्रश्न उभे केले. आशियात ती एकाहून अधिक वेळा, वेगवेगळ्या वाटांनी आली असावी असं त्यांचं म्हणणं आहे. वाद चालू आहे, आणि तो चालू राहणं चांगलंच आहे, कारण तिच्या येण्याची वाट शेतमालाच्या व्यापारातून जात असेल तर बंदरांवरची तपासणीही त्याच हिशेबानं बदलावी लागेल.

पण इथे एक अडचण आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेत दोन उगमांत जनुकीय प्रमाण वेगळं होतं म्हणून मोजणी उपयोगी पडली. भारतात मात्र चौफेर एकाच मोजक्या गोतावळ्याची प्रजा पसरली आहे. इतकंच काय, मक्यावर वाढणाऱ्या इथल्या बहुसंख्य पतंगांच्या मायटोकॉन्ड्रियात खूण भाताच्या वंशाची सापडते. जुन्या संकरातून आलेलं हे मिश्रण आहे. त्यामुळे कोल्हापूरचा पतंग आणि जालन्याचा पतंग दोन अक्षरं वाचून वेगळा काढता येणार नाही. टेक्सासची पद्धत उचलून इथे लावणं शक्य नाही, इथला शोध वेगळ्या साधनांनी घ्यावा लागणार आहे.

आणि इथला हिवाळाही वेगळा आहे. महाराष्ट्रात जमीन गोठत नाही. खरिपाचा मका निघाला की रब्बीचा उभा राहतो, त्यानंतर उन्हाळी. बागायती पट्ट्यात मुरघासासाठी चाऱ्याचा मका वर्षभर कुठे ना कुठे कोवळा असतोच. अमेरिकेत अळीला अडवणारा ऋतू थंडीचा आहे. इथे तो एप्रिल-मेचा असावा, जेव्हा कोरडवाहू प्रदेशात हिरवं पान शिल्लक नसतं आणि पाण्याखालच्या थोड्या शेतांतच पीक तग धरून असतं. जूनमध्ये पाऊस सुरू होऊन लाखो हेक्टरवर मक्याची उगवण होते तेव्हा पाण्याखालच्या त्या शेतांतले पतंग पसरत असतील का? किती दूर? नैर्ऋत्य मान्सूनचे वारे त्यांना कोणत्या दिशेला नेत असतील? दक्षिणेकडून, कर्नाटक-तेलंगणाच्या आगाप मक्यावरून काही येत असतील का?

असे प्रश्न या देशात पूर्वी विचारले गेले आहेत. १९८० च्या दशकात हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं घाटे अळीच्या पतंगांसाठी देशात ठिकठिकाणी कामगंध सापळ्यांचं जाळं उभं केलं होतं. सापळ्यांतली वाढ आणि त्या दिवसांतले वारे ताडून पाहिले, तेव्हा पतंग वाऱ्याबरोबर लांबून येत असल्याच्या खुणा मिळाल्या. हरभरा आणि तूर पिकवणाऱ्या भागासाठी ते काम पायाभूत होतं. मक्याच्या अळीसाठी तसंच जाळं, त्याच चिकाटीनं, वर्षानुवर्षं चालवायची गरज आहे.

आज राज्यात सापळे कमी नाहीत. कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं आणि शेतकरी स्वतः ते लावतात. पण ते बहुधा फवारणी कधी करायची हे ठरवण्यासाठी असतात, आणि हंगाम संपला की ल्युर, म्हणजे सापळ्यातली गंधाची कुपी, काढून टाकला जातो. उगम शोधायचा असेल तर नेमक्या उलट काळातले सापळे हवेत. शेतं ओस पडलेली असतात त्या उन्हाळ्यात, चाऱ्याच्या मक्याच्या बांधावर, कालव्याकाठच्या गोड मक्यात, मोकळ्या रानाच्या मधोमध. रिकाम्या सापळ्याचीही नोंद तितक्याच काळजीनं व्हायला हवी, कारण कुठे पतंग नव्हते हे कळल्याशिवाय कुठून आले हे कळत नाही. पुढच्या प्रकरणांत आधी टेक्सास आणि फ्लोरिडाच्या नोंदी येतात, मग आफ्रिकेच्या, आणि शेवटी दख्खनच्या पठारावर मार्च ते जून या चार महिन्यांत कोणत्या पिकात, कोणत्या तालुक्यात सापळे उभे करता येतील याची मांडणी.